हबीबभाऊंची पाण्यावरची गाडी

आम्ही जुना फ्रिज घरात आणला त्या दिवशी हबीबभाऊंनी भिंतीवरून डोकावून "मास्तर, दाखवा बरं" असं म्हटलं आणि उत्तराची वाट न पाहता ते फाटकातून आत आले. त्यांनी फ्रिजचं दार उघडलं, मान आत घातली आणि चांगला लांब श्वास घेतला. माझी बायको चहाचा कप घेऊन तशीच उभी. भाऊंनी मान बाहेर काढली.

"घर चांगलं होतं," ते म्हणाले. "मच्छीचा वास हाये, दुधाचा हाये, पण सडल्याचा नाई. कोण्या तरी बाईनं रोज पुसला हाये. ठेवून घ्या."

फ्रिज थंड करतो की नाही, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. तो फ्रिज अजून चालतो आहे. त्याचा परिणाम एवढाच झाला, की आमच्या घरात त्यानंतर मिक्सरपासून मोटरसायकलपर्यंत एकही जुनी वस्तू हबीबभाऊंनी हुंगल्याशिवाय, ठोकल्याशिवाय किंवा चाटल्याशिवाय येऊ शकली नाही. चाटण्याचं मी गमतीनं म्हणत नाही. ते पुढं येईलच.

हबीबभाऊ मूल गावातले धानाचे दलाल. त्यांचं गोदाम आमच्या घराला लागून, म्हणजे वर्षातले काही महिने आमच्या अंगणात माणसं कमी आणि कोंडा जास्त. अंगानं आडवे, आवाजानं मोठे, मेंदी लावलेली दाढी, आणि शर्टाच्या खिशात हमखास चार-दोन धानाचे दाणे. पोतं उघडलं की वरचा धान ते पाहायचेच नाहीत. वरचा धान दाखवण्यासाठी असतो, असं त्यांचं म्हणणं. ते कोपरापर्यंत हात आत घालायचे, तळातली मूठ काढायचे आणि त्यातला एक दाणा दाढेखाली धरायचे. दाणा कट्कन तुटला तर धान वाळलेला, नुसता दबला तर ओला. बाजारात ओलावा मोजायचं यंत्र आलं तेव्हा त्यांनी तेही घेतलं, त्याचा आकडा मान्यही केला, पण दाणा चावायचं सोडलं नाही. "यंत्र सांगते किती ओला हाये," ते म्हणायचे, "दात सांगते काऊन ओला हाये."

मालापेक्षा विकणाऱ्याकडं त्यांचं जास्त लक्ष. "माल मुका असते, मास्तर. इकणारा बोलते. पहिले त्याचं आयका, मग मालाले इचारा." या तत्त्वाचा त्यांना इतका अभिमान होता, की मुलीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हाही त्यांनी ते सोडलं नाही. मुलगा शिकलेला, घर चांगलं, बिर्याणीही उत्तम. भाऊ जेवले, हात धुतले, आणि अंगणात उभी असलेली मुलाची मोटरसायकल उकिडवं बसून पाहिली. चेन कोरडी ठण्ण. परत येऊन त्यांनी नकार कळवला. "जो रोजच्या गाडीले दोन थेंब तेल नाई देत, तो बायकोची काय इचारपूस करन?" घरात मोठं भांडण झालं. भाभी रडल्या. ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं ती नसरीन मात्र ओट्यावर बसून पोट धरून हसत होती.

नसरीन त्यांची एकुलती एक. नर्सिंग शिकली आणि सावली गावाकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात सिस्टर म्हणून लागली. बापासारखीच आवाजानं मोठी आणि बापापेक्षा हट्टी. तिच्या उपकेंद्राखालची दोन गावं वैनगंगेच्या एका फाट्यापलीकडं. उन्हाळ्यात पात्रातून चालत जाता येतं. पावसाळ्यात डोंगा. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली होडी, चौघं बसली की काठ पाण्याला टेकतो. वरच्या धरणातून पाणी सोडलं की त्या फाट्याला अशी ओढ येते, की पट्टीचे पोहणारे ढीवर मच्छीमारसुद्धा काठावर बिड्या ओढत बसतात. नसरीन मात्र लसीची पेटी मांडीवर घेऊन डोंग्यात बसायची. तिकडं बाळंतिणी असायच्या, ताप असायचे, आणि तिच्या भाषेत "ते लोकं पाणी उतरेपर्यंत बिमारी थांबवून ठेवत नाई ना, काका."

एका श्रावणात हबीबभाऊ सावलीला कामासाठी गेले होते, तिथून मुलीला डबा द्यायला घाटावर गेले. नसरीन तेव्हा डोंग्यातून परत येत होती. डोंगा धारेत आला आणि त्याचं तोंड फिरलं. एकदा फिरला, दोनदा फिरला, वल्हवणाऱ्या मारोतीचा बांबू सुटला, आणि डोंगा वळणाच्या पलीकडं दिसेनासा झाला. तो बराच खाली एका बाभळीला अडकला. मारोती आणि नसरीन दोघंही चिखलातून चालत घाटावर आली. लसीची पेटी तिनं सोडली नव्हती.

भाऊ संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. कधी नव्हे तो आवाज लहान झाला होता.

"मास्तर, आज मी त्या घाटावर खाली बसलो. मले पोहता येत नाई. येत असतं तरी काय केलं असतं?" मग म्हणाले, "तुमची भाभी म्हणते नौकरी सोडाले लावा."

"मग?"

"ते काम तिनं आपल्या मनानं घेतलं हाये. मी सोडाले लावीन, ती सोडनही. पण मंग माझ्या तोंडाकडे कशी पाहीन ती?" त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "नौकरी नाई बदलत. डोंगा बदलू. पुढच्या पावसाच्या आत."

आणि तिथून ते वर्ष सुरू झालं.

मोटारबोट घ्यावी, असं मी सुचवलं. मारोतीनं ते खोडून काढलं. मारोती मच्छीमार सोसायटीचा, नदीवर जन्म गेलेला. त्याचं म्हणणं, मोटारबोटीचा पंखा खाली लोंबतो, तो पुरात वाहून येणाऱ्या फांद्यांत अडकतो नाहीतर उथळ जागी खडकावर तुटतो. त्यानं धरणावर बचाव पथकाची वॉटर स्कूटर पाहिली होती. तिचा पंखा पोटात असतो. खालून पाणी ओढते, मागून फेकते आणि धारेला कापत जाते. शिवाय चालवणाऱ्याच्या मागं दोन माणसं बसतात. "कचरा तिच्याबी पोटात जाते, भाऊ," मारोती म्हणाला, "पण मी जाळी साफ करत जाईन. नवी मांगू नका, नवी आपल्या कामाची नाई. जुनी पाहा. पण चांगली पाहा."

जुनी म्हटल्यावर हबीबभाऊंचे डोळेच चमकले. आयुष्यभर जे केलं तेच करायचं होतं. फक्त या वेळी माल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

माझ्याकडं जीप होती आणि शाळेला सुट्या. म्हणजे "मास्तर, गाडी काढा" हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात भातापेक्षा जास्त वेळा खाल्लं. पहिली मशीन नागपूरबाहेरच्या एका फार्महाउसवर. लालभडक, पुसून चकचकीत केलेली, छोट्या तलावाच्या काठाला लावलेली. मालक कानाला फोन लावूनच आला. म्हणाला, "बसा, फिरवून आणतो. एका सेल्फमध्ये स्टार्ट."

हबीबभाऊ बसले नाहीत. त्यांनी सीट उचलायला लावली आणि इंजिनावर तळहात ठेवला. ठेवला आणि हसले.

"सकाळीच उठवून ठेवली का जी इले?"

"हो, म्हणजे, जरा चेक केली."

"चांगलं केलं. आता झोपू द्या." भाऊंनी झाडाखालची खुर्ची ओढली. "चहा सांगा. अन् जमलं तं जेवाचंही सांगा. थंडी झाली का सुरू करू."

मालकाला हे गमतीचं वाटलं, मग जड जायला लागलं. दोन फोन झाले, तिसरा झाला. भाऊ पाय पसरून बसलेले, मध्येच उठून इंजिनाला हात लावायचे आणि पुन्हा बसायचे. शेवटी इंजिन गार झालं. मालकानं बटण दाबलं. मशीन खोकली. पुन्हा दाबलं, पुन्हा खोकली, आणि मग खोकायचीही बंद झाली. भाऊंनी मालकाचे मनापासून आभार मानले आणि आम्ही निघालो. जीपमध्ये म्हणाले, "तिकडं बाई अडलेली असन, अन् हे बाई म्हणन, पहिले मले गरम करा. नाई जमत."

दुसरी मशीन गोंदियाकडं. बिसेनबाबू नावाचे एक म्हातारे गृहस्थ एका तलावावर बोटिंगचा ठेका चालवायचे. ठेका सुटला होता, मशीन घराच्या अंगणात ट्रॉलीवर उभी होती. रंग उडालेला, एका बाजूला ओरखडा, सीट शिवलेली. मला पाहूनच नको वाटलं. हबीबभाऊ मात्र खूश. "वरचा धान खराब दाखवते म्हंजे माणूस बरा असन," असं माझ्या कानात सांगून ते कामाला लागले.

त्या दिवशी मी त्यांना काम करताना पाहिलं ते विसरणं शक्य नाही. पहिल्यांदा त्यांनी सगळ्या फायबरवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, बाजारात मडकं ठोकतात तसं, अगदी कान लावून. एका जागी आवाज बदलला. "इथी फुटली होती."

"हाँ, पत्थर पे चढ गयी थी," बिसेनबाबू म्हणाले. "मैंने ही जोडी. बतानेवाला ही था."

मग भाऊ ट्रॉलीखाली आडवे झाले, पोटाखालच्या जाळीतून बॅटरी मारून पंख्याची पाती पाहिली. वाळू-गोटा ओढला असेल तर पात्यांच्या कडा खाल्लेल्या दिसतात, हे मारोतीनं पढवून पाठवलं होतं. पाती बरी होती. सीट काढून आत हात घातला, तळ कोरडा. ऑइलची पट्टी काढून उजेडात धरली. ऑइलमध्ये पाणी गेलं की ते दुधाच्या चहासारखं दिसतं. ते काळंच होतं, कोऱ्या चहासारखं. मग त्यांनी किती तास चालली ते सांगणारं मीटर पाहिलं आणि लगेच हँडलचं रबर आणि पाय ठेवायची जागा पाहिली. नागपूरच्या लाल मशीनचं मीटर कमी तास दाखवत होतं आणि रबर गुळगुळीत झालं होतं. "तिचं मीटर म्हणे नवरी अन् रबर म्हणे आजी," ते मला म्हणाले. "इचं दोनी एकच बोलते."

आणि मग त्यांनी घोळ केला.

आमच्याकडं शेतावरचं डिझेल इंजिन घ्यायचं तर ते अंगणात सुरू करून पाहतात. चांगलं अर्धा-पाऊण तास फडफडू द्यायचं, त्याच्याशेजारी उकिडवं बसायचं आणि आवाज ऐकायचा. भाऊंनी हेच करायला सांगितलं. बिसेनबाबू म्हणाले, "पानी के बिना ज्यादा मत चलाओ भाऊ. ये नदी का पानी पी के ठंडी रहती है. सूखे में पाईप जल जायेगा." हबीबभाऊंनी मान डोलावली. पण मला त्यांचा चेहरा ठाऊक होता. विकणारा एखादी गोष्ट करू नका म्हणाला की भाऊंना तिथंच चोरी दिसायची. बिसेनबाबू पाणी आणायला आत गेले आणि भाऊ इंजिन सुरू करून, डोळे मिटून ऐकत बसले. छान आवाज होता. इतका छान, की रबर जळल्याचा वास आधी मला आला.

बिसेनबाबू धावत आले, इंजिन बंद केलं. आतून धूर निघत होता. म्हातारा वाकून जळालेला पाईप बघायला लागला. हबीबभाऊ उभे राहिले. एवढा दांडगा माणूस, हात कुठं ठेवावे ते त्याला कळेना.

"बाबू, तुमी सांगतलं होतं. मी आयकलं नाई. सांगणारा खोटाच असन, असं धरून बसलो."

जळालेला पाईप नवा बसवून मिळेपर्यंत ते गोंदियाला थांबले, मेकॅनिकच्या दुकानात स्टुलावर बसून. पण मशीन मात्र घेतली नाही. बिसेनबाबू म्हणाले, आता तर पाईपही नवा आहे, घेऊन जा. भाऊ म्हणाले, "त्या मशीनकडे पाहीन तं मले माझाच गाढवपणा दिसन." आणि आम्ही रिकामे परतलो. रस्त्यात मी गाणी लावली तर त्यांनी बंद केली.

मृगाला थोडेच दिवस उरले होते. नसरीन रविवारी घरी आली की विचारायची, "मिळाली का, अब्बा?" आणि हे पेपरात डोकं घालायचे. ती एकदा म्हणाली, "नाई मिळाली तं नाई. मी डोंग्यानं जाईन." भाऊंनी पेपर खाली ठेवला. "जाशील नाई," एवढंच म्हणाले. तिला रागावताना मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं आहे.

तिसरी मशीन पुन्हा नागपुरात, जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडं. ही सगळ्यात सुंदर. नवं सीट, नवं रबर, कागद चोख, मशीनच्या पट्टीवरचा नंबर कागदाशी जुळणारा. थंडी असताना एका बटणात सुरू झाली. माझा तर जीव भांड्यात पडला. दलाल म्हणाला, "तलावाच्या बाहेर गेली नाही साहेब. एका क्लबची होती. गोडं पाणी, एक नंबर."

हबीबभाऊंनी ठोकलं, हुंगलं, पंखा पाहिला, सगळं ठीक. मग ते पुन्हा पाठीवर झोपले, मशीनच्या पोटात मागच्या बाजूला, जिथं कुणाचं फडकं पोचत नाही तिथं बोट घातलं. बोटावर पांढरी भुकटी आली. त्यांनी ती जिभेवर ठेवली.

दलाल बघतच राहिला. मीही. भाऊ उठले, कोपऱ्यात जाऊन थुंकले आणि खिशातल्या रुमालानं जीभ पुसली.

"तळ्यात मीठ कोण टाकते जी?"

आम्ही धानाच्या मुलखातली माणसं. आमची नदी गोडी, तलाव गोडे, विहिरी गोड्या. खारं पाणी लोखंड आतून खातं ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नसती. भाऊंच्याही आली नव्हती. त्यांनी फक्त जिभेला विचारलं आणि जीभ समुद्र म्हणाली. दलाल सारवासारव करायला लागला, धुण्याच्या पावडरचं काहीतरी बोलला. भाऊ ऐकून घेत होते, पण लक्ष दुसरीकडंच होतं.

जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "त्या बुढ्यानं मले खरं सांगतलं, मी त्याले खोटं समजलो. ह्यानं खोटं सांगतलं, त्याले मी चाटून पाह्यलं. गाढवपणाची लाज मोठी का पोट्टीचा जीव मोठा, मास्तर?" मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "गोंदियाले घ्या."

बिसेनबाबूंनी मशीन अजून विकली नव्हती. भाऊंनी एकच अट घातली. पाण्यावरची परीक्षा तलावात नको, आमच्या नदीत. म्हातारा हो म्हणाला.

आषाढात पाणी चढलं आणि बिसेनबाबू ट्रॉली घेऊन आले. घाटावर ही जत्रा जमली. मशीन विकत घेतलेली नव्हती, तरी गावच्या बायांनी हळदकुंकू आणलं. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, पण या गाडीला चाकंच नाहीत. बरीच चर्चा होऊन लिंबं ट्रॉलीच्या चाकांखाली गेली. कुणीतरी नारळ घेऊन भाऊंकडं बघायला लागलं. "फोडा, फोडा," भाऊ म्हणाले, "माझ्या पोट्टीसाठी कोणी बी काही बी फोडा."

नसरीन उपकेंद्रातून तशीच युनिफॉर्मवर आली होती. तिनं नारिंगी लाइफ जॅकेट उचललं. भाऊंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू नाई. पहिले मी."

"अब्बा, तुमाले पोहता येत नाई!"

"मालूम हाये."

हा माणूस वैनगंगेत घोट्याच्या वर कधी उतरला नव्हता. जॅकेट त्यांच्या पोटावर पुरेना, मारोतीनं पट्टे ओढून ओढून बसवलं. खालच्या अंगाला एका डोंग्यात दोन पोहणारे दोर घेऊन थांबवले होते, तेवढी अक्कल भाऊंनी ठेवली होती. बिसेनबाबूंकडून चालवायचं शिकून घेतलेला मारोती पुढं, भाऊ मागं, त्याच्या कमरेला मिठी मारून. मशीन गुरगुरली आणि गेली. गढूळ पाणी, वाहून येणारं पाचट, त्यातून ती सरळ रेघेसारखी चालली. लोक ओरडायला लागले. बिसेनबाबूंच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं.

मधोमध, जिथं धार सगळ्यात काळी दिसते तिथं, भाऊंनी मारोतीच्या खांद्यावर थाप मारली. आवाज बंद झाला.

"बंद पडली!" नसरीन म्हणाली.

"नहीं बेटी," बिसेनबाबू म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं. "बंद करवायी है."

चालवणाऱ्याच्या मनगटाला एक लाल दोरी असते, तिचं दुसरं टोक मशीनला चापानं अडकवलेलं. माणूस पाण्यात पडला तर ती निसटते आणि इंजिन थांबतं. भाऊंनी तीच ओढायला लावली होती. मशीन धारेबरोबर खाली जायला लागली. हळू नाही, चांगली वेगात. तोंड फिरलं. नसरीननं माझा दंड धरला होता आणि तिची नखं मला लागत होती. गेल्या श्रावणात इथंच तिचा बाप खाली बसला होता. आता ती उभी होती. "अब्बा!" ती ओरडली. तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मारोतीनं बटण दाबलं. नुसतीच घरघर. पुन्हा दाबलं. घरघर. वळण जवळ येत होतं. डोंग्यातले दोघं उभे राहिले. मारोती खाली वाकला, दोरीचा चाप नीट बसला नव्हता तो दाबून बसवला, आणि पुन्हा बटण दाबलं. इंजिन लागलं. मशीननं तोंड वळवलं आणि धारेला छाती देऊन वर आली.

काठावर येताच नसरीननं त्यांना जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. निम्मं हिंदीत होतं. भाऊ भिजलेले, दाढीतून पाणी गळत होतं, आणि पट्टे सोडायचा प्रयत्न करत होते. एकही पट्टा सुटेना.

"पोहता येत नाई ते नाई, वर मधात बंद कराले लावली! काऊन?"

"पोहणारा माणूस मशीन बंद पडली का नदीकडे पाह्यते," भाऊ म्हणाले. "मले पोहता येत नाई, म्हणून मी मशीनकडेच पाह्यत होतो. तू मधात कधी अडकशीन तं हे उठन का नाई, हे मले कोणाच्या तोंडून नाई आयकाचं होतं. मले लय भेव लागलं, बेटा. पण आता मालूम हाये." मग मारोतीकडं वळून म्हणाले, "अन् चाप पहिलेच तपासत जाजो गा."

नसरीन रडत होती आणि त्यांचे पट्टे सोडत होती. सगळे सोडून झाल्यावर तेच ओलं जॅकेट तिनं स्वतःच्या अंगात घातलं आणि पेटी घेऊन मशीनवर बसली. पलीकडच्या गावात त्या दिवशी लसीकरण होतं.

भाऊंनी मशीन विकत घेतली आणि ती मच्छीमार सोसायटीच्या ताब्यात राहिली. मारोती चालवायचा, जाळीत पाचट अडकलं तर साफ करायचा. दोन पावसाळे नसरीन त्यावर गेली-आली. पुरात अडलेल्या बाया तिनं मारोतीच्या आणि आपल्या मध्ये बसवून इकडं आणल्या. मग तिची बदली मूलच्या दवाखान्यात झाली, घरापासून पायी जायच्या अंतरावर. गावात बोललं गेलं, आता भाऊ मशीन काढतील. दोन गिऱ्हाईकंही आली. भाऊंनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तोवर भाऊंच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. आडवं अंग उतरलं, आवाज तेवढा राहिला. त्या वर्षीच्या हिवाळ्यात ते गेले. मी तेव्हा मुलाकडं वर्ध्याला होतो, माती द्यायलाही पोचलो नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं. पण नदीवर त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या पावसाळ्यात.

नवी सिस्टर रुजू झाली होती. मराठवाड्यातली, लहानखुरी, एवढं पाणी तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. दोनदा घाटावर येऊन परत गेली होती. पलीकडं एक बाळ तापलेलं होतं. मारोतीनं भाऊंना फोन केला आणि भाऊंनी मला नेहमीचं वाक्य ऐकवलं. मी डॉक्टरांची आठवण करून दिली. त्यांनी ऐकलं नाही.

घाटावर पोरगी पेटी घेऊन उभी होती, ओठ पांढरे. "मला जमणार नाही, काका," ती म्हणाली. "मी बदली मागते."

"मांग ना, मांग," भाऊ म्हणाले. "भेव लागते, त्यात काय हाये. मलेबी लागते. पण त्या लेकराले आज कोण पाहीन? थांब इथी. मी जाऊन येतो, तू नुसती पाहा."

मारोती नको नको म्हणत होता. भाऊंनी जॅकेट चढवलं, आता ते त्यांना सैल होत होतं, आणि त्याच्या मागं जाऊन बसले. मशीन गेली. नारिंगी पाठ लहान होत होत धारेत शिरली, एकदा डुलली, आणि पलीकडं लागली. भाऊ मारोतीच्या खांद्याचा आधार घेऊन उतरले. तिकडच्या काठावर उभे राहून त्यांनी हात वर केला आणि ओरडून काहीतरी सांगितलं. पाण्याच्या आवाजात ते आम्हाला ऐकू आलं नाही.

मारोती एकटाच मशीन घेऊन परत यायला निघाला. भाऊ तिकडंच थांबले, हात वर तसाच. माझ्या शेजारून सिस्टर पुढं झाली, पेटीचा पट्टा तिनं खांद्यावर घेतला आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.